डाव्या गालातली चिमूट

३ मार्च, सोमवार

दातांच्या डॉक्टरणीने वही लिहायला सांगितली म्हणून लिहिते आहे. नाहीतर मला ही हौस नाही. चौथीत शाळा सुटली, त्यानंतर गिऱ्हाइकांची मापं सोडून मी काही लिहिलेलं नाही. छाती, कंबर, उंची. एवढ्यात माणूस पुरेसा कळतो.

गेले होते दात बसवून घ्यायला. खालचे चार-पाच उरलेत, वरचे फक्त समोरचे दोन, आणि तेही आता हलतात. बाकीचे पडले तेव्हा मी हूं की चूं केलं नाही. पण हे दोन म्हणजे माझी हत्यारं आहेत. इतकी वर्षं शिवणाचा दोरा दातांनीच तोडत आल्याने उजव्याला खाच पडली आहे, दोरा आपणहून तिथे जाऊन बसतो. दुसऱ्या बायका कात्री शोधत बसतात तेवढ्यात माझं अर्धं काज होतं.

डॉक्टरीण कोवळी आहे. काठीला लावलेला आरसा तोंडात घालून बघत होती, डाव्या गालाशी आली आणि बोलायची थांबली. मग म्हणाली, "आजी, इथे काय ठेवता?"

"तंबाखू."

"कधीपासून?"

"दुकान उघडलं तेव्हापासून. त्याआधी कधीमधी."

तिने तो गाल सूनबाईला दाखवला, मला नाही. गाल माझा, आणि बघणार ही. तिथे पांढरा चट्टा आहे म्हणे, चिमूट ठेवते त्याच जागी. हिरड्याही तंबाखूने खाल्ल्या, दात त्यामुळेच गेले. आता तंबाखू पूर्ण बंद. तीन आठवड्यांनी पुन्हा बघेल. चट्टा गेला तर ठीक, नाही गेला तर बारीक तुकडा कापून तपासायला पाठवेल. मी म्हटलं, दात आधी द्या. ती म्हणाली, आधी गाल. मी म्हटलं, गालाने दोरा तुटत नाही. ती म्हणाली, आधी गाल. हुज्जत घालायला पक्की आहे. मला आवडली, पण तिला ते सांगणार नाही.

तंबाखूची तलफ आली की काय झालं ते लिहायचं आणि वही तिला दाखवायची, असा हुकूम आहे. तिला वेगळा कागद देईन. ही वही नाही दाखवणार.

सूनबाई बँकेत काउंटरवर बसते, तोंडाचाच धंदा, तरी घरी येईपर्यंत एक अक्षर बोलली नाही. एवढी काय दमली कोण जाणे.

४ मार्च, मंगळवार

माझ्या दुकानाला लागून किल्लीवाल्याचं दुकान. दोघांची मिळून एक भिंत आणि एक डबी. डबी माझी, तंबाखू आळीपाळीने. वयाने माझ्याहून दोन-तीन वर्षांनीच लहान आहे, पण पहिल्या दिवसापासून मावशी म्हणतो, म्हणजे स्वतः तरुण राहतो.

नेहमीच्या वेळेला हात पुढे करून उभा.

"मावशी, चिमूट."

"सोडली."

"कधी?"

"काल."

"मग झाला की एक दिवस. आता घ्यायला हरकत नाही."

मी डॉक्टरणीचं सांगितलं. तो म्हणाला, डॉक्टरांचं काय, त्यांना गिऱ्हाईक लागतं. मग थोड्या वेळाने विचारलं, "पांढरा म्हणजे कसा पांढरा?" मी म्हटलं, मला काय दिसतो, गाल आतून आहे. तो किल्ली घासायला लागला. दिवसभर घासत होता. एवढ्या वेळात तिजोरी उघडली असती.

६ मार्च, गुरुवार

डोकं भणभणतंय. तोंडात काही नाही म्हटल्यावर जीभ रिकामी फिरते, जुन्या घरात शिरलेल्या माणसासारखी, इथे काय होतं आणि तिथे काय होतं.

वकिलाच्या कोटाला अस्तर लावताना दोन्ही खिसे शिवून बंद केले. आज तो रस्त्यात उभा राहून हात घालत होता, हात जाईना. म्हणाला, "मावशी, खिसे कुठे गेले?"

मी म्हटलं, "वकिलाला स्वतःच्या खिशात हात घालायची वेळ कशाला यावी? गावाचे आहेत की."

हसला बिचारा. पण माझ्या हातून अशी चूक होत नाही. उसवून दिले.

घरी टिचकीवर ओरडले. टिचकी म्हणजे नात, आठ वर्षांची, जीभ माझी आणि डोळे तिच्या आईचे. ती म्हणाली, "आजी, तू तंबाखू खा, पण अशी वागू नकोस." सूनबाईने तिला आत बोलावून घेतलं.

९ मार्च, रविवार

खाल्ली. लपवायचं काय त्यात. एकच चिमूट, तीही उजव्या गालात, डाव्याला विश्रांती म्हणून. तासभर जग बरं वाटलं, दोन ब्लाउज आणि एक विजार पुरी केली.

डॉक्टरणीच्या कागदावर लिहिणार नाही.

आणि मी म्हणते, एवढं घाबरायचं काय कारण? आमच्या आईने जन्मभर तंबाखू खाल्ली. दात गेले, पण बाई नव्वदीची होऊन गेली. उलट आमचे हे. चहासुद्धा मोजून प्यायचे, कशाचं म्हणून व्यसन नाही, आणि पन्नाशी गाठायच्या आत एका सकाळी उठलेच नाहीत. म्हणजे कशाने काही होत नाही. शिवणारा वर बसलाय, त्याने कापड कापतानाच लांबी ठरवलेली असते.

हे मी जेवताना बोलून दाखवलं. मुलगा बस चालवतो, जेवताना एरवी दिवसभराच्या प्रवाशांच्या नकला करतो. आज नुसता ताटात बघत होता. सूनबाई म्हणाली, "आई, आजी नव्वद वर्षांच्या होत्या हे नक्की का?"

मी म्हटलं, "माझी आई मला माहीत नसेल तर काय तुला?"

तिने मान हलवली आणि उठून फोन करायला गेली. मोठ्यांचं बोलणं अर्धवट टाकून फोन. बँकेत चालत असेल असं.

१५ मार्च, शनिवार

अक्का आली. न कळवता. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, अठ्ठ्याहत्तरची, एकटी गाडीत बसून आली, हातात पिशवी. म्हणाली, सहज आले. या वयात सहज कुणी येत नाही, मुलाशी वाजलं असणार. विचारलं नाही, चार दिवसांनी आपणहून सांगेल.

आल्या आल्या शेंगदाणे खायला बसली. सूनबाईने वाटीभर भाजून ठेवले होते. अक्काला दाणे लागतात हे हिला कुठून कळलं? आणि आज कशाला भाजले? योगायोग.

कडाकडा आवाज करत खाते. बत्तीसपैकी एकोणतीस शिल्लक आहेत म्हणे, स्वतःचे. दात आहेत तिथे चणे नाहीत म्हणतात, हिला दोन्ही मिळालं.

१६ मार्च, रविवार

आजचं सगळं लिहिते.

दुपारी सगळे बसलो होतो. अक्काने माझ्या गालाचा विषय काढला. मी माझं ठरलेलं म्हटलं, आईने जन्मभर खाल्ली आणि नव्वदीची होऊन गेली, मी तिचीच मुलगी.

अक्काने तोंडातले दाणे आधी संपवले. मग म्हणाली, "कुणाची आई?"

"आपली. आणखी कुणाची?"

"ती गेली तेव्हा तू केवढी होतीस, धाकटे?"

"चोवीस."

"नव्वदातून चोवीस काढ."

वजाबाकीला मी कच्ची नाही. दुकान वजाबाकीवरच चालतं. म्हटलं, "सहासष्ट."

"म्हणजे तू आईला सहासष्टाव्या वर्षी झालीस. आणि गावात कुणी वाजंत्री लावली नाही, नवल आहे."

मुलगा फसकन हसला. मला राग आला. म्हटलं, सगळेच म्हणायचे नव्वद. अक्का म्हणाली, "कोण सगळे?" मी आठवायला लागले. आठवत गेले तशी एकच बाई सापडली, ती मीच. मीच सांगत आले, आणि इतके दिवस कुणी वजाबाकी केली नाही. मीसुद्धा.

"माझ्या वेळी आई वीस वर्षांची होती," अक्का म्हणाली. "गेली तेव्हा मी चौतिसाची. आता बेरीज कर."

चोपन्न.

मी म्हटलं, "पण ती म्हातारी होती, अक्का. मी डोळ्यांनी बघितलंय. गाल आत गेलेले, हनुवटी नाकाला लागलेली."

"दात नव्हते तिला. चाळिशीतच गेले सगळे. दात काढून घेतले की कुठलंही तोंड नव्वदीचं दिसतं. तू लग्न होऊन लांब गेलीस, वर्षा-दोन वर्षांनी यायचीस. दर वेळी तुला ती दहा वर्षांनी मोठी दिसायची."

"शेवटी वयामुळे जेवण सुटलं होतं तिचं."

"जेवण सुटलं नव्हतं गं. तोंड उघडत नव्हतं. एक बोट जाईल एवढंच. भूक लागायची तिला. मी चमच्याच्या दांड्याने पातळ भात सोडायची आत." अक्काने वाटी बाजूला ठेवली. "तेव्हापासून मी त्या डबीला हात लावला नाही. तुला वाटलं मी साजूक आहे."

मी विचारलं, कुठला गाल.

"डावा," ती म्हणाली.

टिचकीने मध्येच विचारलं, "आजी, मग तू आता तुझ्या आईपेक्षा मोठी?" हो. चौदा वर्षांनी. मुलगी आईपेक्षा चौदा वर्षांनी मोठी, हे कसलं माप झालं.

१७ मार्च, सोमवार

विशेष काही नाही. डबी धुतली आणि तिच्यात हूक भरले.

१९ मार्च, बुधवार

किल्लीवाल्याने डबीत हात घातला आणि बोटाला हूक टोचला. म्हणाला, "मावशी, हे बरं नाही केलंत." मी त्याला आईचं वय सांगितलं. तो म्हणाला, "माझे वडीलही ऐंशीचे होऊन गेले." मी म्हटलं, "वजाबाकी कर." तो बोटं मोजायला लागला, मग मोजायचा थांबला आणि म्हणाला, गिऱ्हाईक आलंय. गिऱ्हाईक नव्हतं.

तलफ अजून येते. आली की तोंडात बडीशेप टाकते आणि मशीन जोरात चालवते. काम फार पुढे गेलंय. डॉक्टरणीच्या कागदावर आज मोठ्या अक्षरात लिहिलं, नाही खाल्ली.

तिचं एक आठवतं. म्हणाली होती, दात गेले की माणूस मऊ तेवढंच खातो, मऊ खाऊन अंगातली ताकद जाते, मग लहानसं दुखणंही मोठं होतं. तेव्हा वाटलं दात विकायला बोलते आहे. आईच्या मनगटाची आठवण झाली. माझी अंगठी तिच्या अंगठ्यात फिरायची.

२० मार्च, गुरुवार

निळं कापड चांगलं मिळालं, ताग्याच्या शेवटाचं. पडून राहून खराब होईल, त्यापेक्षा टिचकीचे फ्रॉक शिवून टाकावेत. एक नऊ वर्षांच्या मापाचा, एक दहाचा, मग बारा, चौदा, सोळा. सोळाचा फ्रॉक नाही, तो अंगभर झगा होईल, कंबरेत चुण्या घातल्यात. मुली कशा वाढतात ते मला अंदाजाने कळतं. एकदा हात लागला आहे तर होऊन जाऊ दे.

टिचकी विचारत होती, "हा एवढा मोठा कुणाचा?"

"तुझाच. उशिराचा."

किल्लीवाला म्हणाला, "मावशी, ही पोर सोळाची होईपर्यंत फॅशन बदलेल."

"मग ती बदलून घेईल. कापड तर असेल."

तो माझ्याकडे विचित्र बघत होता. त्याला शिवणातलं काय कळतं.

२४ मार्च, सोमवार

डॉक्टरणीने बघितलं. चट्टा पातळ झाला आहे, कडेने बराच गेला, पण मध्ये एक जागा तशीच, आणि तिथे लालसर. तुकडा घेतला. सुई टोचली, गाल बधिर केला, मग मला काही कळलं नाही. टाके घातले. आरसा मागून बघितले मी. दोनच, पण सुबक. अंतर सारखं, गाठ आतल्या बाजूला. तिला म्हटलं, पोरी, तुला कधी डॉक्टरकी सोडावीशी वाटली तर माझ्या दुकानात ये. बोबडं बोलले असेन, ती म्हणाली, आजी, बोलू नका.

अहवाल यायला आठवडा, दहा दिवस लागतील. सूनबाईने विचारलं, "तो तर नसेल ना?" डॉक्टरीण म्हणाली, "बघू या." दोघी तो शब्द बोलत नाहीत. मीही लिहीत नाही. सगळ्यांना माहीत असलेल्या पाहुण्याचं नाव कशाला घ्यायचं.

२६ मार्च, बुधवार

बोलता येत नाही म्हणून घरात सगळे सुखात आहेत.

एक सांगायचं म्हणजे सूनबाई हल्ली पाणी फार वाया घालवते. मोरीत जाते, दार लावते, नळ सोडते, आणि बराच वेळ सोडूनच ठेवते. बाहेर येते तेव्हा डोळे लाल. मी म्हटलं, साबण बदल, तुला मानवत नाही. हो आई, म्हणाली.

अक्का अजून आहे. मुलाशी काय वाजलं ते अजून सांगत नाही. फोनवर मात्र त्याच्याशी हसून बोलते.

३० मार्च, रविवार

दुकान आवरलं. बटणांच्या बरण्या रंगाप्रमाणे लावल्या, प्रत्येकीवर बटण चिकटवलं, म्हणजे कुणालाही सापडावं. राहिलेली सगळी कामं संपवली. कुणाचं काही अडकून राहायला नको. किल्लीवाल्याने विचारलं, "मावशी, कुठे बाहेरगावी जाताय का?" मी म्हटलं, रविवार आहे, साफसफाई आहे. तो उठून गेला आणि माझ्यासाठी चहा घेऊन आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बशीत अर्धा कप सांडलेला.

मग सूनबाई आली. सुट्टीचा दिवस, घरी पाय पसरून बसायचं सोडून. म्हणाली, "आई, मला काज शिकवा."

"बँकेत काज लागतात का?"

"लागत नाहीत. शिकवा."

शिकवलं. सुई कशी धरते, मेलेलं झुरळ पकडल्यासारखी. पहिलं काज असं केलं की बटण त्यातून पळून जाईल. तिसरं जरा बरं आलं. तिला तसं म्हटलं नाही, डोक्यात जाईल.

चिंधी आणायला तिने कपाट उघडलं. तिथे निळे फ्रॉक ओळीने टांगले होते, प्रत्येकाला वर्षाची चिठ्ठी टाचलेली. नऊ, दहा, बारा, चौदा, सोळा. ती एकेक चिठ्ठी वाचत गेली. सोळापर्यंत पोचली आणि तिथेच उभी राहिली. मी म्हटलं, कापड स्वस्त मिळालं. तिने मान हलवली, मागच्या मोरीत गेली आणि नळ सोडला. टाकी रिकामी करणार ही बाई.

३ एप्रिल, गुरुवार

डॉक्टरणीने बोलावलं. सूनबाईने रजा घेतली, मुलाने बस दुसऱ्याला दिली, अक्का तर निघतानाच चप्पल घालून दारात. मी म्हटलं, गालाला बघायला एवढी जत्रा कशाला. कुणी ऐकलं नाही.

डॉक्टरीण म्हणाली, "आजी, नीट ऐका. कॅन्सर नाही."

शेवटी बोललीच शब्द, आणि काही झालं नाही. छत होतं तिथेच होतं.

"पण त्याच्या वाटेवर होतं," ती म्हणाली. "आतल्या पेशी बिघडायला लागल्या होत्या, नुकत्याच. उरलेली जागा मी काढून टाकते. तंबाखू पुन्हा सुरू केलीत तर मी काही करू शकणार नाही. आणि नाही केलीत तरी दर तीन महिन्यांनी इथे यायचं."

"किती दिवस?"

"कायम."

"कायम म्हणजे?"

"तुम्ही आहात तोवर. माझी तयारी लांबची आहे."

मी म्हटलं, "आणि दात?"

ती म्हणाली, "दात देते. बाई, दात देते." आणि हसली.

मी सूनबाईला म्हणायला वळले की चल, तर ती तिथल्या स्टुलावर बसून ढसाढसा रडत होती, नर्ससमोर, बाहेरच्या पेशंटसमोर, सगळ्यांसमोर. तिथे नळ नव्हता, पंचाईत झाली असणार तिची.

घरी येताना मी तिच्या हातातली पिशवी घेतली. एवढं पाणी काय उगाच वाहिलं नाही. तिला एवढंच म्हटलं, तिसरं काज बरं आलं होतं.

अक्का उद्या जाते म्हणाली. मुलाशी मिटलं का विचारलं. ती म्हणाली, "कुणाशी? काय?" आणि सूनबाईकडे बघून दाण्यांची वाटी पुढे ओढली.

८ एप्रिल, मंगळवार

किल्लीवाल्याला डॉक्टरणीकडे नेलं. तीन दिवस टाळत होता. आज म्हणाला, दुकान बंद करता येत नाही, कुलपाची किल्ली हरवली. किल्ल्या करणाऱ्याची किल्ली हरवली. मी म्हटलं, बस, नवी कर, मी थांबते. थांबले. केली त्याने, दोनदा चुकली.

खुर्चीत बसल्यावर माझा हात धरला. मोठा माणूस. डॉक्टरीण आत बघत होती तोवर त्याच्या कपाळाला घाम. चट्टा नाही. हिरड्या सुजल्यात, चार दात सैल, पण चट्टा नाही. बाहेर आला तर रुबाबात, "बघा मावशी, म्हटलं होतं ना."

मी म्हटलं, "वडिलांची वजाबाकी केलीस का?"

चालता चालता म्हणाला, "केली. ऐंशी नव्हते."

"किती?"

"एकसष्ट." थोडं पुढे गेल्यावर खिशातली पुडी काढून मला दिली. संध्याकाळी दुसरी विकत आणली असेल, मी काय त्याला ओळखत नाही. पण उद्या तीही काढून घेईन. भिंत एकच आहे, कुठे जाणार.

२० जून, शुक्रवार

वही कोपऱ्यात पडली होती, टिचकीने आणून दिली. बरेच दिवस लिहिण्यासारखी कटकट नव्हती.

गालाची जागा भरली. ते दोन दात काढले, खाचेचा मी मागून घेतला, बटणांच्या बरणीत ठेवलाय. नवी कवळी बसून दोन आठवडे झाले. पहिल्याच दिवशी सवयीने दोरा तोडायला गेले, तर वरची सगळी ओळ दोऱ्याला लोंबकळत बाहेर. गिऱ्हाईक समोर उभं. ते किंचाळलं. मी म्हटलं, घाबरू नका, मापात आहे. सूनबाईने एक बारीक कात्री फितीत ओवून माझ्या गळ्यात अडकवली आहे. गाईच्या गळ्यात घंटा तशी. पण कामाला येते, हे तिला सांगितलं नाही.

सफरचंद खाल्लं, बारीक फोडी करून का होईना. दाणे खाल्ले. माझ्या स्वतःच्या कपड्याची कंबर दोन बोटं सैल करावी लागली. पहिल्या फेरीचं दाखवून आले, गाल गुलाबी आहे. डॉक्टरणीला तिच्यासाठीचा कागद दिला. तिने वाचला आणि म्हणाली, "आजी, सगळीकडे नाही खाल्ली, नाही खाल्ली. एकदाही नाही?" मी म्हटलं, एकदा. उजव्या गालात. तिने तेवढंच पेनने लिहून ठेवलं.

आज टिचकीला नऊचा फ्रॉक घालून बघितला. खांद्यात घट्ट. दहाचा घातला, तोही गुडघ्याच्या वर. पोर बापाच्या वळणावर गेली, रुंद आणि उंच, आणि मी तिच्या आईच्या अंदाजाने कापलं. बाराचा तर छातीत ढगळ आणि लांबीला जेमतेम. एकही धड नाही. एवढी वर्षं शिवते आहे, आणि माणूस समोर नसताना माप घेतलं. कुणी गिऱ्हाइकाने असं सांगितलं असतं तर मी त्याला दुकानातून हाकललं असतं.

पाचही उसवायला काढलेत. सूनबाई म्हणाली, आई, मी उसवते. मी म्हटलं, तू नको, कापड फाडशील. मग म्हटलं, बरं, चौदा आणि सोळा तू घे. ती माझ्या शेजारी बसली, गुणगुणत होती.

टिचकीला टेबलावर उभी केली आणि टेप लावली. ती म्हणाली, "आजी, मी सोळाची होईन तेव्हा तू असशील?"

सूनबाईचा हात थांबला.

मी म्हटलं, "दर तीन महिन्यांनी ती डॉक्टरीण बोलावते, मला मरायला वेळ कुठे आहे? सरळ उभी राहा. हलू नकोस, माप चुकतं."